बांधावरचं रान

पुण्याहून कोल्हापूरला येताना किणी टोलनाका मागं पडला की गाडीतला पाहुणा हमखास म्हणतो, "काय हिरवंगार आहे हो तुमच्याकडं!" खरंच आहे. एप्रिलमध्ये जत-आटपाडीकडं नजर पोहोचेल तिथवर रान करपलेलं असतं, तेव्हाही आमच्याकडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो. त्या हिरव्याचा मला अभिमान आहे. त्यामागं चार पिढ्यांची पाठ मोडलेली आहे, हे मला घरातूनच ठाऊक आहे. पण अलीकडं गावाकडं गेलो की माझी नजर पिकावर ठरत नाही, ती पिकाच्या कडेला जाते. बांध किती उरलाय, पाणंद किती रुंद आहे, ओढ्याच्या काठाला एखादं करंजाचं झाड तरी ठेवलंय का, नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, काय चाललंय. आमच्या मुलखात माणसाचं आणि मातीचं नातं वाढलं ते अशाच जागांवर. दोन शेतांच्या मधल्या, कुणा एकट्याच्या नसलेल्या, तलाठ्याच्या पीकपाहणीत ज्यांची कधी नोंद झाली नाही अशा जागा. शेतानं आम्हाला पोसलं, पण मातीशी ओळख झाली ती ह्या कडांवर. आणि त्याच आता संपत आल्या आहेत.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. आमच्या आणि भावकीतल्या शेजाऱ्याच्या रानामधला बांध माझ्या लहानपणी चांगला पाच-सहा हात रुंद होता. तेवढा लागायचाच. औत शेवटाला आलं की बैल वळवायला जागा हवी, आणि वळताना बैलांचे पाय बांधावर चढायचे. त्या बांधावर एक बाभूळ होती, शेवऱ्या होत्या आणि एक उंबर होता. उंबर कुणी लावला नव्हता, पाखरांनी आणला होता, आणि उंबर म्हटल्यावर त्याला कुऱ्हाड लावायचं धाडसही कुणी केलं नव्हतं. पेरणीच्या दिवसांत आजी ओच्यात बी बांधून यायची. तूर, अंबाडी, कारळा, घेवडा, दोडक्याच्या चार बिया. पुरुष शेतात कुरी धरायचे आणि आजी बांधाच्या कडेनं बोटानं माती उकरत बी टोकत जायची.

बांध बायकांचा असायचा. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालायचं. भुईमुगाचे, गुळाचे पैसे आजोबांच्या हातात पडायचे आणि त्याचा हिशेब चारचौघांत व्हायचा. बांधावरच्या तुरीची डाळ किती झाली, घेवडा कुणाला दिला, कारळ्याची चटणी कुणाच्या घरी गेली, हे आजीला कुणी विचारत नसे. लेकीकडं जाताना तिच्या पिशवीत जे असायचं ते बांधाचं असायचं. ज्यांना स्वतःचं रान नव्हतं अशा घरांतल्या बायका बांधाचं गवत कापून न्यायच्या. त्यांची शेळी, त्यांची एखादी म्हैस त्या गवतावर तगायची. त्या बदल्यात भांगलणीला त्या आधी आमच्याकडं यायच्या. कागदावर काही नव्हतं. गावातली कितीतरी नाती अशी पाच-सहा हातांच्या पट्टीवर उभी होती.

आजी वैरण कापायला बसली की मी जवळ बसायचो. उजव्या हातात विळा, डाव्या हाताची मूठ गवतात, आणि नजर मुठीच्या पुढं अर्धा हात. मूठ भरता भरता तिची बोटं निवडत असायची. हरळी, कुंदा, लव्हाळा ह्यांना विळा लागायचा. मध्येच पाथरी दिसली की तेवढी पानं खुडून पदरात. पाथरी भाकरीबरोबर कच्चीच खायची, वर थोडं तेल-मीठ. कुर्डू कोवळा असेल तर घ्यायचा, तुऱ्यावर आला असेल तर राहू द्यायचा. एकदा ती एका झुडपाला वळसा घालून पुढं सरकली. मी तिथलं गवत दाखवलं, तशी म्हणाली, "तिथं लाव्ह्यानं अंडी घाटल्यात. पंधरा दिस ऱ्हाऊ दे, मग काप." तिनं झुडूप बाजूला करून दाखवलं नाही. अंडी मी पाहिलीच नाहीत. दुसऱ्या कुणी कापू नये म्हणून तिनं तिथं नुसता एक दगड ठेवला आणि मळ्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला त्याचा अर्थ कळला.

हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. बांधावरून आमच्याकडं जेवढी डोकी फुटली तेवढी कशावरूनच फुटली नसतील. सख्ख्या भावांची तोंडं एकमेकांना दिसेनाशी झाली, तारखांना कोर्टात जाऊन म्हातारे झाले. एका बाजूनं दर नांगरटीला वीतभर बांध रेटायचा, मग दुसऱ्यानं त्याच्या बाजूनं रेटायचा. पण भांडण होतं ते बांध कुणाचा ह्यावर. बांध असावा की नसावा, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

तो आला बैल गेल्यावर. ट्रॅक्टरला वळायला पाणंद चालते, शेजारचं मोकळं रान चालतं. दावणीचे बैल गेले तशी बांधाच्या रुंदीची गरजही गेली. आणि ऊस टनावर विकला जातो. बांध काढला की एक सरी जास्त बसते, एका सरीचा ऊस म्हणजे किती, हे कुणालाही तोंडी सांगता येतं. अंबाडीच्या पेंढीचा आणि लाव्ह्याच्या अंड्यांचा भाव कुठल्याच पावतीवर येत नाही. दोन्ही बाजूंनी रोटर फिरत गेला आणि आज आमच्या कितीतरी शिवारांत बांध म्हणजे एक पाऊल जेमतेम बसेल एवढी मातीची कड आहे. तीही तणनाशकानं पिवळी पडलेली. तिच्यावरून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उसात उतरावं लागतं.

ह्यात उसाचा दोष किती, हे मला सरळ सांगता येत नाही. कारण ज्या पाण्यावर हा ऊस आला त्याची गोष्ट आम्हाला आमच्या देवादिकांच्या गोष्टींइतकीच प्रिय आहे. छत्रपती शाहू महाराजांनी 1894 साली राज्यकारभार हाती घेतला आणि पाठोपाठ 1896-97 चा दुष्काळ आणि प्लेग आला. भोगावतीवर धरण बांधायचं त्यांनी मनावर घेतलं ते 1907-08 च्या सुमारास. संस्थानाच्या ऐपतीच्या मानानं ते केवढं धाडस होतं! मध्ये काम रखडलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. पण त्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आजही पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात "तिसरा उघडला", "पाचवा उघडला" ही बातमी कोल्हापुरात घराघरांत पोहोचते. माझ्या आजोबांनी जिरायत रान बागायत होताना पाहिलं. त्यांना बांधाची हळहळ सांगायची हिंमत मला झाली नसती.

पण ह्याच पाण्याच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त शिकवते. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून महाराष्ट्रभर गेलेला बंधारा. नदीच्या पात्रात ओळीनं दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि खाचांत बसवायचे बरगे. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या पुढं बरगे घालायचे. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन रांगा आणि मधे चिखलमाती ठासलेली असायची, पुढं लोखंडी आले. पाणी अडतं, उन्हाळाभर पंपांना मिळतं. आणि मृगाच्या आधी सगळे बरगे काढून काठावर रचून ठेवायचे. मग जून ते सप्टेंबर नदी आपल्या वाटेनं जाते, गाळ घेऊन जाते, मासे वर चढतात, खांबांमधून लोंढा निघून जातो. बरगे काढायला उशीर झाला तर काय होतं, हे काठावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आठ महिने आमचं, चार महिने तुझं, असा नदीशी केलेला हा व्यवहार आहे. ज्यांनी तो आखला त्यांना नदीला जागा लागते हे कळत होतं. त्याच पाण्यावर उभ्या राहिलेल्या शिवारात आम्ही बांधाला, ओढ्याला, पाणंदीला तेवढीही जागा ठेवली नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

गुऱ्हाळाचंच बघा. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगभर आहे. काहिलीत रस उकळायला लागला की त्यात भेंडीचा चिकट रस घालतात. खोडं ठेचून, पाण्यात भिजवून काढलेला. त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची, रस स्वच्छ होत जातो. आमच्याकडं त्यासाठीची रानभेंडी बांधावरच लावलेली असायची, शेतात तिला कुणी जागा दिली नसती. चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर पिवळा फेस, आणि गुळव्या पाण्याच्या भांड्यात रसाचा थेंब टाकून बोटांत गोळी वळून बघतोय. त्या गोळीकडं सगळं गुऱ्हाळ श्वास रोखून बघायचं. बांध गेले तशी भेंडी गेली आणि कितीतरी ठिकाणी तिच्या जागी पावडरीचे पुडे आले. गुऱ्हाळंही कमी झालीच. गुळाच्या त्या पिवळ्याधमक रंगासाठी काय काय घातलं जातं ह्याची चर्चा आपण करतो, पण तो मूळचा रंग बांधावर उगवत होता, हे मात्र आपल्या लक्षात राहत नाही.

पाणंदीबद्दल बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. गावातून शिवारात जाणारी, दोन्ही बाजूंना कुंपण असलेली गाडीवाट. आमची पाणंद दोन्ही कडांनी निवडुंग, घाणेरी आणि निरगुडीनं भरलेली होती, वर चिंचा आणि करंजांची सावली. सकाळी गुरं त्यातून जायची, संध्याकाळी त्यातूनच धूळ उडवत यायची. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अंगावर पोतं पांघरून, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन त्यातून येणाऱ्या बायकांचे हाल मी पाहिले आहेत, त्यामुळं पाणंदी खडी टाकून पक्क्या होतात ह्याचा मला आनंदच आहे. पण त्या पक्क्या होताना कडेचं सगळं सपाट होतं. झाडाच्या मुळाशी जेसीबी लागला की चिंच दहा मिनिटांत आडवी होते.

आता हंगामात त्या पाणंदीतून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. आणि पाणंदीच्या तोंडाशी, गायरानाचा जो तुकडा उरलाय त्यावर, बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. पहाटे अंधारात हातात कोयते घेऊन जोडपी बाहेर पडतात, पोरं कोपीशी नाहीतर उसाच्या फडाच्या कडेला. मी एका दुपारी फडाशी थांबलो होतो. मोळ्या बांधून झाल्यावर टोळीतली एक बाई सरीतून वाकून काहीतरी गोळा करत होती. तांदुळजा होता. थोडा घोळ होता. म्हणाली, "तुमच्याकडं कुणी न्हेत नाही व्हय हे? आमच्याकडं उन्हाळ्यात डोळ्यालासुद्धा दिसत नाही." तिच्या ओट्यात दोन वेळची भाजी झाली होती. आमच्या शिवाराची जमीन पायाखालून, हातानं चाचपून ओळखणारी माणसं आता तीनशे-चारशे किलोमीटरवरून येतात, पाच-सहा महिने राबतात आणि जातात. त्यांच्या मुलांना सावलीला एक झाडही आम्ही बांधावर ठेवलेलं नाही.

पश्चिमेकडं चित्र थोडं वेगळं आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडं अजून धूळवाफ पेरणी होते. वळवाचा पाऊस पडून गेलेला, रोहिण्या निघालेल्या, आणि कोरड्या मातीत भात पेरून माणूस आभाळाकडं बघत बसलेला. त्या बघण्यात केवढा विश्वास असतो. पुढं तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सासूचा, सुनेचा, अशी एकेका नक्षत्राची ओळख. तिकडच्या माणसाला तुम्ही "पाऊस कसा आहे?" विचारा, तो आधी नक्षत्र सांगेल, वाहन सांगेल, मग पाऊस. तिकडं देवीच्या नावानं राखलेली रानं अजून आहेत. देवराईतलं वाळलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी तेवढा तुकडा गच्च उभा असतो, आत शिरलं की ऊन संपतं, आणि खालच्या अंगाला एखादा झरा मे महिन्यातही पाझरत असतो. गावाचं पिण्याचं पाणी त्यावर असतं. देवीच्या कोपाची भीती होती हे खरं, पण त्या भीतीनं पाणी राखलं.

तिकडं कडा संपल्या की काय होतं हे गव्यांनी दाखवून दिलंय. दाजीपूरचं जंगल संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं होतं. 1958 साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांतलं ते एक. आज राधानगरी अभयारण्य सुमारे 351 चौरस किलोमीटर आहे आणि 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. पूर्वी जंगल आणि भातशेत ह्यांच्यामध्ये गवताची कुरणं, पडीक वरकस, नाचणीचे उतार असायचे. आता काही ठिकाणी जंगलाच्या अगदी कडेला ऊस लागलाय. गव्याला तो कोवळ्या गवतासारखाच. डिसेंबर 2021 मध्ये तर गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला, पाठोपाठ बघ्यांची गर्दी आली आणि एका तरुणाचा जीव गेला. चंदगड-आजऱ्याकडं कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी कितीतरी वर्षं शेतकऱ्यांची झोप उडवली आहे. रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवणाऱ्या माणसाला मी निसर्गप्रेम काय सांगणार? त्याला नुकसानभरपाई वेळेत मिळाली पाहिजे, पूर्ण मिळाली पाहिजे. आणि त्याच वेळी मधली पट्टी पुन्हा गवताची झाली पाहिजे. ह्या दोन मागण्या वेगळ्या करून चालणार नाही. नुसती पहिली केली तर गवा येतच राहील, नुसती दुसरी केली तर शेतकरी मरेल.

नदीनं तर हा हिशेब आम्हाला दोनदा घरात येऊन समजावला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. कोल्हापूरच्या लहान पोरालाही राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे पाठ असतं. जुलैत दर दोन तासांनी आकडे फिरतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला, चिखली-आंबेवाडीच्या माणसांना गुरंढोरं घेऊन घरं सोडावी लागली. ज्यांच्या भिंती पडल्या, ज्यांची दावणीची जनावरं गेली त्यांना "नदीच्या जागेत बांधलंत" असं कुणी सुनावू नये. त्यातली कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्यांची होती. पण त्याच काळात शहराच्या कडेला नदीकाठची शेतं भर टाकून उंच झाली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. लाल-निळ्या पूररेषा नकाशावर आल्या आणि नकाशावरच राहिल्या. नदीकाठची मळी जुन्या माणसांनी वैरणीला, वांग्याला, भाजीपाल्याला ठेवली होती. पाणी आलं तर पीक जाईल, पण गाळ देऊन जाईल, हा हिशेब करून.

पुराशी ह्या मुलखाचं नातं नुसतं भीतीचं कधीच नव्हतं. नृसिंहवाडीला पाणी उत्तरेच्या दारातून आत शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात अंघोळीला लोक लांबून येतात. आणि कोल्हापुरात आषाढात टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोली देवीची, जत्रा. माझी सगळ्यांत आवडती. पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवार-शुक्रवारी पेठापेठांतून, तालमींतून मिरवणुका निघतात. पोरींच्या डोक्यावर कलश, कलशात नदीचं नवं पाणी, वर कडुलिंबाचा पाला, पुढं पी ढबाक वाद्यांचा गजर. नदी शहराच्या एका अंगाला, टेंबलाई दुसऱ्या अंगाच्या टेकडीवर. नदीचं पाणी अख्ख्या शहरातून मिरवत टेकडी चढतं आणि त्र्यंबोलीच्या पायऱ्यांवर ओतलं जातं. ते पाणी गढूळ असतं, तांबडं असतं. गगनबावड्याची, दाजीपूरची, भोगावतीच्या खोऱ्यातल्या कुणाकुणाच्या रानाची माती त्यात विरघळलेली असते. अपार्टमेंटमध्ये राहणारी, रानाशी काडीचा संबंध नसलेली कुटुंबंही ह्या दिवशी त्या तांबड्या पाण्यामागं चालतात. मी त्या गर्दीत असतो तेव्हा मला आमच्या शहराबद्दल फार आशा वाटते.

आशा वाटायला आणखी एक कारण आहे. अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोहोचावीत अशी ती रचना. वाटेत इमारतींचे अडथळे आले, किरणं पोहोचेनात, तेव्हा शहरानं आवाज उठवला, मोजमापं झाली, काही अडथळे निघाले, काहींवर अजून वाद आहे. सोन्याच्या भावानं जमीन विकली जाणाऱ्या गावठाणात, उन्हाच्या एका तिरिपीसाठी जागा मोकळी ठेवली पाहिजे हे कोल्हापूरला मान्य आहे. मग शिवारात पाण्यासाठी, पाखरासाठी, बीडहून आलेल्या पोराच्या सावलीसाठी जागा ठेवणं एवढं अशक्य का वाटावं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या त्या बांधाची सरकारी मोजणी झाली. दगड रोवले गेले, जुनं भांडण एकदाचं मिटलं आणि मधे तीन हातांची पट्टी निघाली जी दोघांनीही रेटलेली होती. तिचं काय करायचं ह्यावर माझ्या चुलतभावाशी बरेच दिवस बोलणं चाललं. रान तो कसतो, मी शहरात असतो, त्यामुळं शेवटचा शब्द त्याचाच. "दादा, एक सरी बसतीय की हितं," तो म्हणाला. खोटं नव्हतं. उसाची बिलं कशी येतात, खताचं पोतं कितीला पडतं, त्यानं मांडून दाखवलं. मी एका सरीच्या उसाचे पैसे दरवर्षी द्यायला तयार झालो, तर त्याला राग आला. "बांध काय भाड्यानं ठेवायचा हाय व्हय?" दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन आला. दोघांनी मिळून अटी घातल्या: तणनाशक पट्टीवर मारायचं नाही, उंच वाढणारं झाड लावायचं नाही कारण वसवा, म्हणजे झाडाची सावली, पडतो आणि ऊस पिवळा राहतो, शेवरी चालेल पण वर्षातून दोनदा छाटायची, आणि वैरण दोघांनी वाटून घ्यायची. उंबर आपणहून उगवला तर? ह्यावर बराच वेळ खल झाला. शेजारी म्हणाला, उगवला तर ठेवू, उंबराला कोण हात लावतंय.

काकी तोवर ऐकत होती. तिला ह्या अटींमध्ये रस नव्हता. तिनं मला यादी सांगितली: गावरान तूर, बुटकी नको. अंबाडी तांबड्या देठाची. कारळा मूठभर. घेवडा तिच्या माहेरचा आहे, तो आणायला नको. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात सगळं मिळेल, पण पाकिटातलं आणू नकोस, म्हणाली, माळकरी म्हातारी पोत्यावर सुटं बी घेऊन बसते तिच्याकडनं आण, आणि मिरगाच्या आत आण, नंतर आणून काय उपेग.